घोड्यांचा हर्पीस: ताप उतरल्यावर खरा धोका सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा: आमची सोलापुरात शेळगीकडे सात जनावरांची पागा आहे, वरातीला घोडे देतो. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून एक घोडी आणली. आल्यावर दोन दिवस तिच्या नाकाला पाणी होतं, मग बरी झाली. सोळाव्या दिवशी घरची नऊ महिन्यांची गाभण घोडी रात्रीत गाभडली. त्यानंतर चौथ्या दिवशी पांढरा घोडा मागून झोलायला लागला, लघवी थेंब थेंब गळते. डॉक्टर म्हणाले, हर्पीस वाटतो. म्हणजे नागीणच का? माणसांना लागतो का? बाकीच्यांना लस दिली तर वाचतील का? आणलेली घोडी विकून टाकू का? तुळशीचं लग्न झालं, वराती तोंडावर आल्यात.

मालक, आधी आजचं काम सांगतो. पागेतून एकही जनावर बाहेर जाऊ देऊ नका, आत येऊही देऊ नका. आणि आज संध्याकाळपासून सातही जणांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजून भिंतीवर लिहायला लागा. बाकीचं सगळं यानंतर.

मी तापावर एवढा का अडून बसलोय ते तुमच्याच पागेवरून दाखवतो. गाभडणं आणि पांढऱ्याचं झोलणं यांत चारच दिवसांचं अंतर आहे. या रोगात लागण झाल्यावर मागचे पाय जायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात. म्हणजे पांढऱ्याला विषाणू त्या मेलेल्या शिंगरापासून लागलेला नाही, त्याच्या आधीच लागला होता. मधल्या काळात त्याला ताप येऊन गेला असणार. तुमच्या मोतद्दाराला विचारा, गाभडण्याच्या आगेमागे पांढऱ्याने चंदी टाकली होती का, एखाद-दोन दिवस मान खाली घालून उभा होता का. मला जवळजवळ खात्री आहे की तो "हो, पण दुसऱ्या दिवशी खाल्लं" असं सांगेल. तो एक दिवस आपल्या हातचा गेला. उरलेल्या चौघांचा तो दिवस अजून जायचा आहे, म्हणून हे उत्तर लांबलचक लिहितोय.

आता नागिणीचं. तुम्ही विचारलंत ते चुकीचं नाही. माणसाच्या कांजिण्यांचा विषाणू आणि घोड्याचा हा विषाणू एकाच कुळातले, अगदी एकाच प्रजातीगटातले सख्खे चुलतभाऊ आहेत. लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, पण विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की नागीण होऊन बाहेर पडतो. घोड्याचंही तसंच. बहुतेक शिंगरांना पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच, पुष्कळदा आईला पीत असतानाच हा विषाणू गाठतो. थोडं नाक वाहतं, थोडा ताप येतो, कुणाचं लक्षही जात नाही. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये आयुष्यभर मुक्काम करतो. लांबचा प्रवास, नवी पागा, विणं, खच्ची करणं, दुसरं मोठं आजारपण असा ताण पडला की जागा होतो आणि नाकावाटे बाहेर पडायला लागतो. तेव्हा तो घोडा स्वतः आजारी दिसेलच असं नाही. पण तुमच्या घरच्या माणसांना, लेकराबाळांना हा विषाणू लागत नाही, ती काळजी सोडा. फक्त गाभडलेल्या शिंगराला उघड्या हाताने कुणी हात लावू नये, कारण गाभडण्याची दुसरीही कारणं असतात आणि त्यांतली काही माणसाला लागतात.

म्हणूनच अकलूजच्या घोडीवर सगळा दोष टाकायला मी तयार नाही. तिनेच आणला असेल, शक्यता बरीच आहे, नाकाचं पाणी तेच सांगतं. पण घरच्या गाभण घोडीच्या अंगात जुना दडलेला विषाणू जागा झाला असंही होऊ शकतं. तिला विकून पागा स्वच्छ होणार नाही. उलट आजच्या घडीला विकली तर तुम्ही दुसऱ्याच्या दावणीला हा रोग बांधून द्याल. ते करू नका.

घोड्यांना त्रास देणारे हर्पीस पाच आहेत. आपल्याला कामाचे दोन, पहिला आणि चौथा. चौथा बहुतेक वेळा सर्दी-खोकल्यावर थांबतो. पहिला घातकी, कारण तो नाकातून रक्तात उतरतो. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकीत डिमॉक आणि एडवर्ड्स यांनी घोड्यांच्या पैदासकेंद्रांवरच्या गाभडण्याच्या साथीमागे विषाणू असल्याचं दाखवलं, तो हाच. पुढे कितीतरी वर्षं पहिला आणि चौथा हे एकाच विषाणूचे दोन उपप्रकार समजले जायचे. १९८०च्या दशकात त्यांच्या जनुकद्रव्याचे तुकडे करून पाहिले तेव्हा ते वेगळे निघाले. तिसरा जोडणीतून पसरून जननेंद्रियावर फोड आणतो, त्याचा इथे संबंध नाही.

पहिला विषाणू रक्तात उतरून करतो काय, हे समजून घ्या. माझ्या मते या विषयावरच्या सगळ्या संशोधनातली तुमच्या उपयोगाची गोष्ट हीच आहे. तो पांढऱ्या पेशींच्या आत बसून प्रवास करतो, त्यामुळे रक्तातल्या प्रतिकारद्रव्यांना सापडत नाही. बारीक रक्तवाहिन्यांपाशी पोचला की त्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो. अस्तर सुजतं, तिथे रक्ताच्या गुठळ्या धरतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो. हे गर्भाशयाच्या भिंतीत झालं की वार सुटते आणि शिंगरू पडतं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत झालं की मागचे पाय, शेपूट आणि मूत्राशय जातं. म्हणजे विषाणू मज्जातंतू कुरतडत नाही, तो त्यांचं पाणी तोडतो. विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, पण पाइपात गाळ अडकला, तर टोकाच्या सरीतलं पीक वाळतं, तसं हे आहे. आणि म्हणूनच पाय जाण्याची वेळ तापाच्या दिवसांत येत नाही, ताप उतरता उतरता किंवा उतरल्यावर येते. मालक म्हणतो, "डॉक्टर, काल तर बरा झाला होता." तो बरा झालेला नसतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी टांग्याच्या घोड्यांच्या एका पागेत तिघांना ताप होता. पाच-सहा दिवसांत तिघेही खायला लागले, मी सातव्या दिवशी जुंपायला परवानगी दिली. दोन दिवसांनी मालक सायकलवर माझ्या दारात आला. जाऊन पाहिलं तर घोडी उभी होती, पण मागच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला मूत गळून केस चिकटले होते, कातडी लाल झाली होती. शेपूट उचलली तर ओल्या दोरासारखी हातात आली, काही विरोधच नाही. चालवताना शेपूट बाजूला ओढली तर सगळा मागचा भाग माझ्याकडे कलला. रात्री ती बसली, ती परत उठली नाही. जुंपण्यानेच तसं झालं असं मी म्हणणार नाही, पण तो ताण तिला मी दिला होता. तेव्हापासून तापाच्या घोड्याला एकवीस दिवसांच्या आत मी कामाला सोडलेलं नाही.

मोठ्या साथींनीही हेच दाखवलंय. मे २०११मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या ऑग्डेन इथे घोड्यांच्या स्पर्धा झाल्या. घोडे आपापल्या गावी गेले आणि रोग निरनिराळ्या राज्यांत उघडा पडला. ९० जनावरांत तो सिद्ध झाला, १३ मेली किंवा त्यांना मारावं लागलं. फेब्रुवारी २०२१मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियात उड्यांच्या स्पर्धांसाठी साडेसातशेच्या आसपास घोडे एकत्र होते. त्या साथीत १८ दगावले आणि युरोपातल्या दहा देशांमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा थांबवाव्या लागल्या. तिथे प्रत्येक घोड्यामागे डॉक्टर, लस, कागदपत्रं सगळं होतं. आपल्याकडे अकलूजचा बाजार, सारंगखेड्याची यात्रा, माळेगावची यात्रा, संक्रांतीला आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेचा जनावरांचा बाजार, हा सगळा हंगाम दिवाळीपासून पुढे दोन-तीन महिन्यांत येतो आणि तेव्हाच वरातीही असतात. एकच टेम्पो, एकच पाण्याची बादली, एका घोड्याच्या तोंडातला लगाम दुसऱ्याच्या तोंडात. विषाणूला यापेक्षा सोयीचं काय हवं? म्हणून वराती रद्द करा म्हणतो. सुपारी परत द्यावी लागेल, तोंडं वाकडी होतील, मला कळतं. पण तुमचा घोडा ज्या मांडवापाशी उभा राहील तिथे दुसऱ्या पागेचाही घोडा असेल.

आता थर्मामीटर. माणसाचा साधा डिजिटल चालतो. मागच्या टोकाला दोरा बांधा, दोऱ्याला कपड्याचा चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना, म्हणजे आत गेला किंवा पडला तरी हरवत नाही. टोकाला तेल लावून गुदद्वारात जरा तिरका ठेवा, आतल्या भिंतीला टेकला पाहिजे, नुसता लिदीत रुतला तर आकडा कमी दाखवतो. निरोगी मोठा घोडा ९९ ते १०१ अंश फॅरनहाइटच्या मध्ये असतो. १०१.५ झाला की तो ताप धरा. सकाळी उन्हं यायच्या आत आणि संध्याकाळी अंग निवल्यावर मोजा. या रोगाचा ताप पुष्कळदा दोनदा येतो, एकदा नाकाचा आणि काही दिवसांनी विषाणू रक्तात उतरल्याचा. दुसरा जास्त महत्त्वाचा. आणि मोजायच्या आधी तापाचं किंवा दुखण्याचं इंजेक्शन कुणालाही देऊ नका, आकडा झाकला जातो.

ज्याला ताप निघेल त्याला त्याच तासाला वेगळ्या पत्र्याखाली न्या. तुमच्या डॉक्टरांकडून दोन नमुने घ्यायला लावा: नाकात खोलवर फिरवलेला बोळा आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त. दोन्ही बर्फाच्या पिशवीबरोबर थंड पाठवायचे, रक्त गोठवायचं नाही. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयामार्फत ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. घोड्यांच्या रोगांचं देशातलं मुख्य काम हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात चालतं, तिथेही पाठवता येतात. पीसीआर चाचणीत विषाणू पहिला की चौथा हे कळतं. पडलेलं शिंगरू पुरलं नसतं तर तोच सगळ्यात चांगला नमुना होता. अशा शिंगरात छातीत पाणी, फुप्फुसं जड आणि ओली, यकृतावर रव्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात. पुढच्या वेळी, देव करो ती वेळ न येवो, शिंगरू आणि वार दोन्ही पिशवीत बांधून थंड ठेवा आणि आधी डॉक्टरांना बोलवा.

चाचणी येईपर्यंत मी दुसऱ्या शक्यता सोडत नाही. गाभडणं आणि लुळेपणा एकाच पागेत आठवड्याभरात, यावरून नव्वद टक्के मन हर्पीसकडे जातं. पण आपल्या भागात सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग आहे, माशांनी पसरतो, त्यातही ताप येतो आणि मागून झोल जातो. रक्ताच्या काचपट्टीवर तो पाहून घ्या. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर घोड्याला रेबीज होतो आणि त्याची सुरुवात कधीकधी अशीच मागच्या पायांनी होते. पांढऱ्याला गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तर "घशात काही अडकलंय" म्हणून कुणीही तोंडात हात घालू नका. आणि नाकातून पिवळा घट्ट स्राव, अंगावर गाठी-फोड दिसले तर तो शेंबा, म्हणजे ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला लागतो आणि सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

विषाणूच्या जनुकांवरचं एक संशोधन लोक आता मोबाइलवर वाचून येतात, म्हणून सांगतो. २००६मध्ये असं दिसलं की विषाणूच्या एका विकरात, डीएनए पॉलिमरेजमध्ये, ७५२व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असेल तर त्या वाणाने पाय जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. शोध मोठा आहे. पण ज्यात हा बदल नाही अशा वाणांनीही घोडे लुळे पडलेत. म्हणून अहवालात "साधा वाण" असं आलं तरी पागा उघडायची नाही.

लसीबद्दल स्पष्ट बोलतो. हिसारच्या केंद्राने इथल्याच वाणापासून मारलेल्या विषाणूची लस तयार केली आहे, बाहेरच्या देशांतही अशा लसी आहेत. गाभण घोडीला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात द्यायची पद्धत आहे, त्याने गाभडण्याच्या साथी कमी होतात आणि नाकातून पडणारा विषाणूही घटतो. पण पाय जाण्यापासून कुठलीही लस खात्रीने वाचवत नाही. कारण वर सांगितलं तेच, विषाणू पेशीच्या आत बसून जातो. आणि आज, रोग पागेत फिरत असताना, ज्यांना लागण झालेली असू शकते त्यांना लस टोचून काही मिळत नाही. तुमची दुसरी घोडी गाभण असेल तर तिला आत्ताच सगळ्यात लांब, वेगळ्या माणसाच्या हाताखाली ठेवा. लसीचा विचार पागा शांत झाल्यावर, आणि मग दरवर्षी नेमाने.

औषधांत मला आशा वाटते ती हेपारिनची, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची. जर्मनीतल्या एका साथीत ताप आलेल्या पहिल्या ३० घोड्यांना ते दिलं नव्हतं, त्यांतल्या ७ जणांना मज्जारज्जूचा त्रास झाला. पुढच्या ३१ जणांना तापापासून दिलं, त्यांत एकालाच झाला. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, आधीचे आणि नंतरचे अशी तुलना होती, म्हणून मी त्याला शेवटचा शब्द मानत नाही. पण गुठळ्यांचं जे चित्र आपल्याला माहीत आहे त्याच्याशी ते जुळतं. व्हॅलासायक्लोव्हिरसारखी विषाणूवरची औषधंही देतात. घोड्याच्या वजनाला ती महाग पडतात आणि पाय गेल्यावर सुरू केली तर फारसा फायदा नाही. ही दोन्ही तापाच्या दिवसांतली औषधं आहेत, आणि डॉक्टरांनी समोर उभं राहून द्यायची. डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, मात्र "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून कुणी ठोकत असेल तर हात धरा. संशोधक प्रयोगशाळेत दडलेला विषाणू मुद्दाम जागा करायला हेच स्टेरॉइड वापरतात. लुळ्या पडलेल्या घोड्याला सूज उतरवायला ते कधी द्यायचं हा डॉक्टरांचा निर्णय, ताप आलेल्याला नाही.

विषाणू अंगाबाहेर दुबळा असतो. त्याला चरबीचं आवरण आहे, साबणाने ते फाटतं. आधी लीद-माती खरवडून साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून फिरवा. घाणीवर नुसतं ब्लीच ओतलं तर वाया जातं. बादली, तोबरा, लगाम, खरारा, वरातीची झूल, प्रत्येकाचं वेगळं. मोतद्दाराने आधी निरोगी जनावरांचं करायचं, मग आणलेल्या आणि गाभडलेल्या घोडीचं, शेवटी पांढऱ्याचं, आणि तिथून थेट हातपाय धुऊन घरी. वीटभट्टीची गाढवं शेजारी चरायला येत असतील तर तीही थांबवा, गाढवांनाही हा लागतो. शेवटचा ताप किंवा शेवटचं लक्षण दिसल्यापासून एकवीस दिवस मोजायचे. मध्ये एकाला जरी ताप आला तरी पुन्हा पहिल्यापासून.

राहिला पांढरा. तो उभा आहे ना, मग आशा आहे. जे उभे राहतात त्यांतले बरेच सुधारतात, कुणी आठवड्यांत, कुणाला काही महिने लागतात. त्याच्याखाली उसाच्या पाचटाचा गुडघाभर थर करा, फरशी घसरडी नको. पाणी आणि कडबा छातीच्या उंचीवर ठेवा, मान खाली घालताना तोल जातो. मूत्राशय दिवसातून दोन-तीनदा डॉक्टरांकडून नळीने रिकामं करून घ्या, ते तुंबून राहिलं तर पायांपेक्षा तेच आधी जीव घेतं. मांड्या कोमट पाण्याने धुऊन पुसून व्हॅसलीन लावा. बसलाच तर दर तीन-चार तासांनी चार माणसं लावून कूस बदला, आणि पहिल्याच दिवशी मला कळवा, पट्ट्यांचा झोला बांधून उभं करायला उशीर झाला तर उपयोग होत नाही.

आज संध्याकाळचे सातही आकडे, प्रत्येकाच्या नावासमोर, लिहून पाठवा. पांढऱ्याला चालवताना शेपूट बाजूला ओढून एक छोटा व्हिडिओ काढा, मागून आणि बाजूने. उद्या सकाळचे आकडे आले की कुणाला कुठे बांधायचं ते ठरवू.